इतवारीच्या काट्यावर फायर सूट

नागपूरच्या अग्निशमन दलातल्या आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला खुंट्यांची एक रांग होती आणि तिथे आमचे फायर सूट लटकलेले असत. लटकलेले म्हणजे लटकलेलेच. पावसाळ्यात, थंडीत पोरं ते घालत. होळी झाली की वर्दीला, म्हणजे आगीच्या कॉलला, निघताना हात सूटला वळसा घालून जाई आणि नुसतं हेल्मेट उचललं जाई. अंगात डांगरी, पायात गमबूट, चला. मी रागवायचो, नोंदवहीत लिहायचो. एकदा एका जुन्या लीडिंग फायरमननं मला शांतपणे विचारलं, "साहेब, तुमी सोता घालून पाह्यला का हा कोट, मे महिन्यात?"

मी घातला होता. जानेवारीत, पाच मिनिटं, फोटोपुरता.

आणि तो कोट निवडला होता मीच. मागच्या खरेदीचा तांत्रिक कागद माझ्या हातचा. तेव्हाचं माझं गणित सोपं होतं: जितका जाड तितका चांगला. इतर शहरांच्या दोन-तीन निविदा समोर ठेवल्या, ज्या रकान्यात ज्याचा आकडा सर्वांत दणकट तो उचलला, आणि एक असा कोट तयार केला जो आगीत कदाचित अर्धा मिनिट जास्त टिकला असता, पण नागपुरात मार्च ते जून कोणाच्या अंगावर चढला नाही. खुंटीवरचा कोट कोणाला वाचवत नाही, हे कळायला मला तीन उन्हाळे लागले.

नव्या खरेदीचा विषय निघाला तेव्हा मोठ्या साहेबांनी बोलावलं. "मागचं तुम्हीच लिहिलं होतं ना? मग हेही तुम्हीच लिहा." ती शिक्षा होती की विश्वास, हे मला निवृत्त झाल्यावरही उमगलेलं नाही.

तेव्हा दिवाळी तोंडावर होती. मी ठरवलं, यावेळी आधी वाचायचं. आणि वाचायला आमच्या गावाइतकं सोयीचं गाव देशात नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आमच्याकडे आहे. १९५६ साली ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरचे अधिकारी इथूनच शिकून जातात. शिवाय बीए सेटच्या, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर बांधतात त्या यंत्राच्या, सिलिंडरना ज्यांची मान्यता लागते त्या पेसोचं, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालयही इथेच. मुंबई-दिल्लीच्या लोकांना ज्यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागतं, त्यासाठी मला स्कूटरला किक मारावी लागे. इतकी वर्षं मी ती मारली नव्हती, एवढंच.

महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या शिक्षकानं मला टेबलावर एक कापलेला कोट उलगडून दाखवला. तीन पदर. बाहेरचं कापड अरामिड धाग्याचं. नोमेक्स, केव्हलार ही त्यातलीच नावं, पण आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं आम्ही सगळ्याच कोटांना नोमेक्स म्हणतो. ते पेटत नाही, वितळून अंगाला चिकटत नाही, जळलंच तर कोळशासारखं होतं. सगळ्यात आतला पदर आजीच्या गोधडीसारखा, टाके घातलेला, त्यात अडकलेली हवा उष्णता थोपवते. आणि मधला पदर, जो वरून दिसतच नाही, तो एक पातळ पडदा. त्याची छिद्रं इतकी बारीक की बाहेरून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. जाऊ शकते म्हणजे पडदा चांगला असेल तर.

"तुमचा सगळा खेळ या मधल्या पदरात आहे," ते म्हणाले. "तुम्ही मागच्या वेळी काय लिहिलं होतं?"

मी लिहिलं होतं, 'पाणी न शिरणारा'. बस. पाणी न शिरणारं तर प्लॅस्टिकही असतं.

त्या संध्याकाळी घरी कूलर धुवायला काढला होता, पुढच्या उन्हाळ्यासाठी झाकून ठेवायचा म्हणून, आणि त्याच्याजवळ उभं असताना डोक्यात उजेड पडला. नागपूरच्या माणसाला कूलर समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांतून पाणी उडून जातं आणि खोली गार होते. ऑगस्टमध्ये तोच कूलर, तेच पाणी, पण हवेत ओल, म्हणून नुसता चिकचिकाट. आणि खिडक्या गच्च लावून कूलर चालवला तर मे महिन्यातही तेच. माणसाचं शरीर म्हणजे कूलर. घाम उडाला तरच गारवा. बाहेर ३० अंश असतील तर अंगाची थोडी उष्णता नुसत्या हवेलाही देता येते. ४५ अंशांत हवाच कातडीपेक्षा गरम, ती उलट देऊन जाते. मग घाम उडणं हा एकच मार्ग उरतो, आणि मी मागच्या वेळी पोरांना खिडक्या लावलेली खोली विकत घेऊन दिली होती.

दुसरीही एक गोष्ट त्या दिवशी नीट कळली. आतला पदर घामानं चिंब झाला आणि मग बाहेरून आगीचा झोत आला, तर त्या ओलीची वाफ होऊन ती अंगाला पोळू शकते. ज्वाळा न लागताही खांद्यावर, पट्ट्यांच्या खाली पोळल्याचे डाग मी पाहिले होते. कोट दाबला जातो तिथेच ते असतात. त्याचं कारण मी कधी शोधलं नव्हतं.

मग मानकं घेऊन बसलो. फायरमनच्या पोशाखाचं आपलं मानक आयएस १६८९०, ते २०१८ मध्ये आलं. युरोपचं ईएन ४६९, अमेरिकेचं तेव्हाचं एनएफपीए १९७१. युरोपच्या कोटावर आतून एक लेबल शिवलेलं असतं. त्यावर एक्स, वाय, झेड आणि प्रत्येकापुढे १ किंवा २. एक्स म्हणजे उष्णता, वाय म्हणजे पाणी, झेड म्हणजे घामाची वाफ. २ म्हणजे वरची पातळी. सगळे एक्स बघतात. ज्वाळेच्या चाचणीत कापडामागचं तापमान २४ अंशांनी चढायला किमान १३ सेकंद लागले तर एक्स २, किमान ९ सेकंद लागले तर एक्स १. हा आकडा वाचायला सोपा, जास्त म्हणजे चांगलं. झेडचा आकडा मात्र अडथळ्याचा आहे, वाफेला कापड किती अडवतं त्याचा. ३० किंवा त्याखाली असेल तर पातळी २, त्यावर ४५ पर्यंत पातळी १. म्हणजे इथे कमी तो चांगला. अमेरिकेचा हिशेब पुन्हा उलटा. ते कापडातून बाहेर जाणारी उष्णता मोजतात, दर चौरस मीटरला किमान २०५ वॅट, तिथे जास्त तो चांगला. या उलटसुलटपणात भलेभले घसरतात. पुढे एका कंपनीचा प्रतिनिधी माझ्यासमोर अभिमानानं म्हणाला होता, "सर, बाकीच्यांचा आकडा २२-२५ आहे, आमचा ४१!" मी त्याला पाणी दिलं.

कागद तयार झाला. एक्स २, वाय २ आणि झेड २, तिन्ही हवेत. प्रत्येक पदराचा एक मीटर सुटा तुकडा नमुन्यासोबत हवा. ब्रँडचं नाव लिहिता येत नाही, लिहायचंही नव्हतं, म्हणून 'मेटा-अरामिड आणि पॅरा-अरामिड' असं लिहिलं आणि टंकलेखनात त्याचं 'पारा-अरामिड' झालेलं दोनदा दुरुस्त केलं. हेल्मेट, ग्लोव्हज, मानेचा हूड, बूट यांच्या ओळी भराभर झाल्या, त्यात वाद नव्हता. फक्त गमबुटाऐवजी चामड्याचे फायर बूट मागितले तेव्हा आमचाच स्टोअरकीपर म्हणाला, "साहेब, भांडेवाडीच्या कचऱ्यात चामडं किती दिवस टिकन?" बरोबर होतं त्याचं. उन्हाळ्यात भांडेवाडीचा डेपो धुमसला की दिवसेंदिवस त्या राड्यात उभं राहावं लागतं. दोन्ही ठेवले.

नस्ती हिशेबाच्या टेबलावर गेली तेव्हा तिथल्या मॅडमनी बरोबर त्या एका अक्षराखाली पेन्सिलीनं रेघ मारली. "हे झेड २ कशाला? यानं दर वाढतो. तीन शहरांच्या निविदा काढल्या मी, कोणी मागितलेलं नाही." मला राग आला नाही, कारण मागच्या वेळी मला हे विचारणारं कोणी नव्हतं. मी पाऊण पान टिपणी लिहिली. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, तिथून सुरुवात केली आणि कूलरपर्यंत आलो. मॅडमनी वाचलं. म्हणाल्या, "कूलरचं काढा. बाकी राहू द्या." टिपणी गेली, झेड राहिलं. (पुढे २०२४ च्या मेमध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि यंत्र बिघडल्याचं निघालं. पण खुलासा येईपर्यंत अख्ख्या गावानं त्यावर विश्वास ठेवला होता. मला तेव्हा मॅडमची फार आठवण झाली.)

निविदापूर्व बैठकीला सात-आठ कंपन्यांचे लोक आले. मुंबईचे, दिल्लीचे, एक चेन्नईचा. सगळ्यांचे लेखी प्रश्न. बहुतेकांचा अर्थ एकच: आमच्याकडे जे आहे ते तुम्ही मागा. त्या बैठकीतच मी जाहीर केलं की नमुने अंगात घालून कवायत होईल आणि त्यात जो कोट नापास होईल त्याचा दराचा लिफाफा उघडला जाणार नाही. लगेच हात वर. "कवायत कधी?" मे महिन्यात. "मग हॉलमध्ये घ्या सर, एसी हॉलमध्ये, म्हणजे सगळ्यांना समान परिस्थिती." मी म्हटलं, मैदानावरचं ऊनही सगळ्यांना समानच असतं. लोक हसले, पण प्रश्न गंभीर होता. निकष आधी छापलेला नसेल तर पुढे कोणीही आक्षेप घेऊ शकतो आणि अख्खी निविदा रद्द होते. म्हणून शुद्धीपत्रक काढलं. कवायतीतल्या बारा बाबी, प्रत्येकीसमोर फक्त 'होय' किंवा 'नाही'. आवडलं-नावडलं याला जागा नाही. हे शुद्धीपत्रक लिहायला मला मूळ कागदापेक्षा जास्त दिवस लागले.

एप्रिलमध्ये तांत्रिक लिफाफे उघडले. पाच निविदा. एकीत बयाणा रकमेची पावती नव्हती, ती तिथेच थांबली. उरलेल्या चारांचे चाचणी अहवाल एकाहून एक देखणे. त्यातल्या एकाचा बाहेरचा पदर अहवालात २२० ग्रॅमचा होता, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन २२० ग्रॅम. तुकडा हातात घेतला आणि मला तो हलका लागला. आता तीस वर्षं होजपाइप आणि कापड हाताळलेल्या माणसाच्या बोटांना काहीतरी कळतं, पण 'बोटांना कळलं' हे नस्तीवर लिहिता येत नाही.

दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापला तर त्याचं वजन गुणिले शंभर म्हणजे चौरस मीटरचं वजन. २२० ग्रॅमच्या कापडाचा चौकोन २.२ ग्रॅम भरायला हवा. आमच्या स्टोअरचा काटा रवा-साखरेचा, त्याच्यावर चौकोन ठेवला तर तो हालतही नाही. मग आठवलं, दोन दशांशांपर्यंत मोजणारे काटे इतवारीत गल्लीगल्लीत आहेत. सराफ्यात. स्टीलची पट्टी लावून, नव्या ब्लेडनं तीन चौकोन कापले, पाकिटात घातले आणि ओळखीच्या दुकानात गेलो. त्या गल्लीत आमची मोठी गाडी कधी शिरत नाही. आग लागली तर कोपऱ्यापासून होज ओढत न्यावा लागतो, त्यामुळे दुकानदार मंडळी आम्हाला ओळखून असतात.

"बाप्पा! साहेब, सोनं सोडून कापड कायले मोजून राह्यले?"

"मोज तर खरं."

पंखा बंद केला, काचेची पेटी लावली. १.८७. दुसरा १.८९. तिसरा १.८६. सराफानं माझ्याकडे पाहिलं. "कमी भरलं काय?" मी म्हटलं, तेहतीस ग्रॅम कमी आहे. "तोळ्याले?" मीटरला. "मग घट लय आहे साहेब," तो म्हणाला, "आमच्यात एवढी घट काढली तर गिऱ्हाईक दुकान जाळन." पैसे घेतले नाहीत.

सराफ्याचा काटा हा पुरावा नव्हे. पण तुकडा अधिकृत प्रयोगशाळेत पाठवायला कारण झालं. तिथून जे उत्तर आलं ते सराफाच्या आकड्यापासून दोन-तीन ग्रॅमच इकडेतिकडे होतं. कंपनीनं पत्र दिलं, 'अनवधानाने दुसऱ्या कापडाचा अहवाल जोडला गेला.' असेलही. ती बाहेर पडली. तीन उरल्या.

आता मे. कवायत.

लेबलं काळ्या टेपनं झाकली, कोटांना अ, ब, क अशी नावं दिली. सहा जण निवडले, सगळ्यात लहान २४ वर्षांचा, सगळ्यात मोठा ५२ चा, तोच तो लीडिंग फायरमन. वेळ मी दुपारी दोनची लिहिली होती. डॉक्टरांनी ती खोडून सकाळी अकरा केली आणि वर लिहिलं, 'एका वेळी २० मिनिटांपेक्षा अधिक नाही, एका दिवशी एकदाच.' म्हणून तीन दिवस लागले. रुग्णवाहिका उभी, बर्फाची लादी फोडून ठेवलेली, लिंबूपाणी, मीठ. अकरा वाजता मैदानात ४१-४२ अंश होतेच. भिंतीपलीकडे रस्ता ओस पडत चालला होता आणि जे जात होते ते तोंडाला दुपट्टा बांधून. आमची पोरं त्यात गोधडी पांघरून उभी.

पूर्ण सूट, पाठीवर बीए सेट. १५ मीटरचे दोन होज खांद्यावर घेऊन धावायचं, जोडायचे, ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची नळी, धरायची. शिडी. मग गुडघ्यांवर रांगत एका अंधाऱ्या खोलीतून जायचं आणि वाळू भरलेला पुतळा ओढत बाहेर आणायचा. ग्लोव्हज घातलेले असताना कोटाची चेन उघडायची, लावायची. हात वर केले की बाही आणि ग्लोव्ह यांच्यात मनगट उघडं पडतं का ते एक जण पट्टी घेऊन पाहत होता.

यादीत नसलेली एक गोष्ट मी माझ्या समाधानासाठी केली. प्रत्येकाचं आधी आणि नंतर वजन, अंगावर फक्त चड्डी. यावरून तीन दिवस जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आणि माणसाबरोबर कोटाचंही वजन, आधी आणि नंतर. माणूस वीस मिनिटांत साधारण अर्धा किलो, कोणी त्याहून जास्त, हलका होई. तो अर्धा किलो घाम उडाला असेल तर कोट हलका राहायला हवा. अ कोट दर वेळी जवळजवळ ३०० ग्रॅमनं जड होऊन परत आला. ब आणि क सव्वाशे-दीडशेनं. म्हणजे अ मधला निम्म्याहून जास्त घाम कुठे गेलाच नव्हता, गोधडीत बसला होता. आणि कागदावर अ सुद्धा झेड २ च होता, आकडा २९. ब चा १९. एकाच खान्यात बसलेले दोन कोट, आणि अंगात घातल्यावर जमीन-अस्मानाचा फरक.

तिसऱ्या दिवशी मीही क घातला. लीडिंग फायरमनच्या त्या जुन्या प्रश्नाचं मला उत्तर द्यायचं होतं. बाराव्या मिनिटाला डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली आणि पुतळा तिथेच सोडायला लावला. कोट काढला तेव्हा ४२ अंशांची झळ मला गार वाऱ्यासारखी लागली. लीडिंग फायरमन सावलीत लिंबूपाणी पीत बसला होता. तो काही बोलला नाही. सरकला आणि मला बाकावर जागा दिली.

संध्याकाळी त्यांची मतं लिहून घेतली. त्याचं मत असं होतं: "अ वाला आगीतून वाचवन, पन मंग त्याच्यातून कोन वाचवन? क चांगला आहे, वाकताना पाठीत ओढत नाही. ब ठीक आहे, पन कॉलर लय कडक आहे, हेल्मेटले अडते."

अ बाद झाला, पण घामामुळे नाही. घामाचा निकष छापलेलाच नव्हता, सव्वाशे आणि तीनशेच्या मधली रेघ कुठे ओढायची हे मलाच आधी माहीत नव्हतं. तो बाद झाला मनगटामुळे. हात वर केल्यावर दोन बोटं मनगट उघडं पडत होतं, सहापैकी चौघांचं. ब आणि क पास. दराचे लिफाफे उघडले, ब चा दर कमी होता. फरक फार नव्हता, पण नियम म्हणजे नियम. माझ्या मनातला क एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, झाला नाही. कॉलरमधलं अस्तर मऊ करून देण्याचं कंपनीनं लेखी कबूल केलं तेव्हा मी सही केली.

कार्यादेश निघेपर्यंत पोळा आला. मारबतीच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताहून परतल्यावर मापं घेतली. अरामिडचं कापड ताणत नाही, त्यामुळे माप चुकलं की चुकलंच. पोरं पोट आत घेऊन उभी राहत. मी शिंप्याला सांगितलं, यांना आधी काहीतरी खायला द्या, मग मोजा. तर्री पोहे मागवले. पोहे खाऊन झाल्यावर सरासरी दोन इंच वाढले. महिलांच्या मापाचा वेगळा तक्ताही आम्ही मागितला होता. कंपनीचा माणूस म्हणाला, "स्मॉल साइज देऊन टाकू." मी त्याला सांगितलं, २००२ मध्ये हर्षिणी कान्हेकर याच गावातल्या अग्निशमन महाविद्यालयात दाखल झाल्या, देशातल्या पहिल्या, आणि तुम्ही अजून स्मॉल देताय? तक्ता आला.

माल मार्चमध्ये उतरला. त्यातून डोळे मिटून एक खोका काढायचा, एक कोट उचलायचा आणि तो प्रयोगशाळेत फाडायला पाठवायचा. लाखाच्या घरातला संच, नवा कोरा. पाठवताना स्टोअरकीपरचा चेहरा मुलगी सासरी पाठवल्यासारखा. अहवाल यायला उशीर होऊ लागला आणि १४ एप्रिल जवळ आला. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकाइन जहाजाचा स्फोट झाला, ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या आठवणीत तो दिवस आमचा अग्निशमन सेवा दिन. संचलनात नवे कोट दिसावेत अशी सगळ्यांची इच्छा, पोरांचीसुद्धा. मी खोके उघडू दिले नाहीत. आठ दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. अहवाल २० तारखेनंतर आला, पास.

वाटताना कळलं की निम्म्या पँट दोन इंच लांब आहेत. पुरवठादारानं परत नेल्या, दीड महिना लावला. त्यावर लिहावं असं काही नाही, असं होतंच.

धुण्याचं मात्र लिहायला हवं, कारण ते माझ्या कागदात नव्हतं. काजळीनं काळा झालेला कोट ही आमच्यात मर्दानगी समजली जाई. कोट घरी जात, बायका ते बादलीत सोड्यानं घासत, मुलांच्या कपड्यांशेजारी वाळत घालत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अग्निशामकाचं कामच कर्करोगकारक ठरवलं, पहिल्या गटात, जिथे तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस बसतात. ती काजळी कोटात असते. आणि अरामिडला ब्लीच चालत नाही, कडक ऊनही चालत नाही. केव्हलारचा धागा उन्हानं कमजोर होतो. नागपुरात कपडा सावलीत वाळवा असं सांगणं म्हणजे लोकांना चेष्टा वाटते. स्टेशनात वॉशिंग मशीन हवं असं मी लिहिलं. ते यंत्रसामग्रीच्या लेखाशीर्षात जातं, म्हणून ती वेगळी नस्ती झाली. ती फिरत असताना मी निवृत्त झालो. मधल्या काळात मागच्या पडवीत पत्र्याखाली दोरी बांधली आणि तिथे एक टाकी ठेवली.

त्या मे महिन्यात कळमन्याच्या बाजूला एका गोदामाची वर्दी आली. दुपारचे साडेतीन. आत मिरची होती. मिरचीच्या आगीत ज्वाळेपेक्षा धूर वाईट, तो घामाबरोबर मानेत, काखेत शिरतो आणि रात्रभर झोपू देत नाही. मी गाडीत पुढे बसलो होतो. मागे वळून पाहिलं नाही, मुद्दामच. उतरल्यावर पाहिलं. पाचपैकी चार जणांच्या अंगात कोट होता, चेन गळ्यापर्यंत लावलेली. पाचवा ड्रायव्हर होता, त्याला पंपावर थांबायचं होतं. वीस-वीस मिनिटांनी माणसं बदलली. कुलिंग, म्हणजे विझलेल्या मालावर पाणी मारत राहणं, संपायला रात्रीचे नऊ वाजले. लीडिंग फायरमन कोट काढून बोनेटला टेकला आणि म्हणाला, "कॉलर अजूनबी टोचते, साहेब."

निवृत्तीला आता बराच काळ झाला. मागच्या महिन्यात एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. पुढची खरेदी त्याच्या गळ्यात पडली आहे. अर्धा तास झेड, मनगट, कॉलर, मशीन असं सगळं बोलून झालं. कोट आधी आणि नंतर मोजायचा निकष यावेळी छापून टाक, रेघ दोनशे ग्रॅमवर ओढ, असं मी त्याला सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. फोन ठेवताना म्हणाला, "सर, अजून एक. इतवारीतल्या त्या सराफाचं दुकान नेमकं कोणत्या गल्लीत आहे?"